सातव्या पेटीवरचे लाल बूट

माझ्या डोळ्यांपुढे पडदा वर जातो तेव्हा मंचावर एकच गोष्ट असते: लुदविकचं मधमाश्यांचं घर. उतरत्या छपराचं, लाकडी, पाठीमागे कारावांकेचे डोंगर. समोरच्या बाजूला दोन ओळींत बारा पेट्या आणि माश्यांना आपली पेटी ओळखता यावी म्हणून प्रत्येकीच्या तोंडावर रंगवलेली फळी. आमच्याकडे या फळ्यांवर संत असतात, सैनिक असतात, नवऱ्याला बदडणाऱ्या बायकाही असतात. लुदविकच्या वडिलांनी काढलेली चित्रं उन्हानं उडून गेली होती. म्हणून हिवाळ्यात, माश्या आत गप्प बसलेल्या असताना, त्यानं सगळ्या फळ्या शेजारच्या अल्बिनाकडे रंगवायला दिल्या.

अल्बिना टपाल कचेरीतून निवृत्त झाली त्याच आठवड्यात ॲक्रिलिक रंग घेऊन आली होती. संतांमध्ये तिला रस नव्हता. किसणीच्या भोकांतला उजेड नेमका कुठल्या रंगाचा असतो, हे बघायला ती माझी किसणी घेऊन गेली, ती नवव्या दिवशी परत आली. ती दाराशी दिसली की शेजारणी किटल्या आत ठेवायच्या. रंग पटकन वाळतात म्हणून दह्याच्या डब्याच्या झाकणावर ओलं फडकं पसरून ती त्यावर ते काढायची आणि कोबी, चष्मा, फाटका मोजा, जे समोर येईल ते रंगवायची.

एकदा म्हणाली, "महाराज, ते लाल बूट आहेत का अजून?"

नाटक मंडळीत चाळीस वर्षं काढली, राजा एकदाच झालो. तिच्यासाठी मात्र कायमचा महाराज. त्या भूमिकेतले बूट दिले. सातव्या फळीवर ते असे उतरले, की मला टाळ्या ऐकू आल्या. शेजारी, आठवीवर, तिनं आईची काळी चूल काढली. "लालाशेजारी काळा कसा खुलतो बघ," म्हणाली.

मे महिन्यात लुदविक टोपी हातात घेऊन तिच्या दारात उभा. मी तिथेच कॉफी पीत होतो.

"अल्बिना, सातवीतल्या माश्या तुझ्या चुलीत शिरतायत."

"लाल आणि काळं? हे आंधळ्यालासुद्धा कळेल."

"आंधळ्याला कळेल, माशीला नाही. तिला लालही काळंच दिसतं. मला ठाऊक होतं गं. पण चित्र बघत बसलो आणि विसरलो."

मग त्यानं खरं काय ते सांगितलं. सातवीतली राणीमाशी कोवळी होती, दोन-चार दिवसांत मिलनासाठी पहिल्यांदा बाहेर पडणार होती. परतताना चुकून आठवीत शिरली, तर तिथल्या माश्या तिला जिवंत ठेवणार नाहीत. आणि त्याच्या वडिलांच्या माश्यांच्या वंशाची ती शेवटची पेटी होती.

अल्बिनानं वाद घातला नाही. "मग त्यांना नीट काय दिसतं?"

"निळं. पिवळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटीसमोर स्टूल टाकून बसली. माश्या ब्रशवरून चालत होत्या. माझे बूट निळे होताना मला बघवेना.

"राजाचे बूट निळे कधी पाहिलेस तू?"

"महाराज, राणी घरी यायची असेल तर राजानं बूट बदलावेत. आणि हलू नका, तुमच्या कानावर एक बसलीय."

पाव तासात रंग वाळला. तैलरंग असते तर आठवडा गेला असता.

तिसऱ्या दिवशी ऊन चांगलं तापलं आणि दुपारी राणी उडाली. आम्ही तिघं बाकावर बसलो. लुदविक टोपीची कड बोटांनी चुरत होता. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. चुलीपाशी ती लांबट अंगाची राणी घुटमळली तेव्हा त्यानं डोळे मिटले, त्यामुळे पुढचं आम्ही दोघांनीच पाहिलं. ती वळली, डाव्या बुटाच्या टोकावर उतरली, टाचेपर्यंत चालत गेली आणि सातवीत शिरली.

मी लुदविकच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं डोळे उघडले, आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.

अल्बिना मात्र उठून फळीला नाक लावून उभी होती. मग वळून तिनं विचारलं, "लुदविक, मला दिसतो तोच निळा तिला दिसला असेल का रे?"