दादाच्या गाडीचं स्टेअरिंग

तिसरीच्या वर्गाला मी हातच्याच्या बेरजा शिकवत होते. शाळेचा चपराशी दाराशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बहनजी, घर से बुलावा आया है." एरवी वर्ग चालू असताना कोणी दारात आलं की मला राग येतो. त्या दिवशी मात्र खडू खाली ठेवला आणि मुकाट निघाले, कारण त्याच्या चेहऱ्यावरच सारं दिसत होतं. भिलाईजवळच्या बोरसीला घरी पोचले तर अंगणात, ट्रकच्या सावलीत, दादाची खाट होती आणि वहिनी पायाशी बसली होती. दादाचे दोन्ही हात छातीवर ठेवलेले... आणि ते स्थिर होते. हे हात शांत व्हावेत म्हणून मी देवाकडे किती वेळा पदर पसरला असेल! देवानं ऐकलं, पण ते असं. मला पहिलं रडू फुटलं ते त्या हातांकडे पाहून. दादाला जाऊन आता महिना उलटला, तरी डोळे मिटले की तेच दिसतं.

नामदेवदादा माझा थोरला भाऊ. आमचं गाव भंडाऱ्याकडचं, धानाच्या बांध्यांचं. वडील लवकर गेले आणि दादानंच मला वाढवलं, शिकवलं. लढाईच्या दिवसांत तो फौजेत ड्रायव्हर होता. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहतोय म्हटल्यावर त्यानं लिलावातला एक जुना लष्करी ट्रक घेतला आणि मुरूम, गिट्टी, शिवनाथ नदीची वाळू वाहायला इकडे आला. माझं ट्रेनिंग संपताच मलाही बोलावून घेतलं. तेव्हा इथे सगळीकडे लाल धूळ. सकाळी धुऊन वाळत घातलेलं पांढरं पातळ दुपारी शेंदरी व्हायचं. वहिनी म्हणायची, "इथं हळद कमी टाकली तरी चालते, वरण आपोआप रंगते." त्या धुळीतून भट्ट्यांचे पाये, क्वार्टरांच्या ओळी, रशियन साहेबांच्या जीपा असं सगळं वर येत होतं आणि त्यातला मूठभर मुरूम आपल्या गाडीनं आणलेला आहे, याचा दादाला कोण अभिमान!

गाडी म्हातारी, तिची दुखणीही म्हातारीची. रिकामी परत येताना वेग घेतला की पुढची चाकं थयथय नाचायची आणि स्टेअरिंग हातातून निसटू पाहायचं. दुसरा कोणी लगेच पाना घेऊन धावला असता. दादा आधी बसून विचार करायचा. हादरा भरलेल्या गाडीत येतो की रिकाम्या? ब्रेक दाबल्यावर येतो की वळणावर? "डॉक्टर आधी पुसते, मंग हात लावते," तो म्हणायचा, "गाडीचंही तसंच आहे." एकदा असाच विचार करून तो चाकाच्या आतल्या बाजूला वाकला आणि काडीनं खरवडून मुरमाच्या चिखलाचं वाळलेलं भलंमोठं ढेकूळ बाहेर काढलं. चाक एका अंगाला जड झालं होतं, एवढंच दुखणं. ते ढेकूळ त्यानं वहिनीला नेऊन दाखवलं. तिनं तुळशीत टाकलं.

पण ढिलेपणा सांध्यांत असला तर तो शोधायला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्यानं गाडीखाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवायचा. जो सांधा ढिला, तो बोटांखाली वळवळतो. वहिनीनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मी चुलीची, तुमची बहीण गाडीची." म्हणून रविवारी सकाळी मी, शाळेची मास्तरीण, पदर खोचून ट्रकच्या केबिनमध्ये बसायची. येणारेजाणारे हसायचे. मी त्यांच्याकडे वर्गातल्या नजरेनं पाहायची. खालून दादाचा आवाज यायचा, "हलव व कुसुम. हां... हलव... बस!" त्याचं 'बस' आलं की सापडलं समजायचं. मग तो ग्रीसनं माखलेला बाहेर यायचा आणि म्हणायचा, "मास्तरीणबाई, तुमचा विद्यार्थी पास!"

कारखाना सुरू झाला, वसाहत वसली, आमची गाडी चालतच राहिली. मग एका उन्हाळ्यात दादा म्हणू लागला की स्टेअरिंग थरथरतं. आता भरलेल्या गाडीतही, रिकाम्याही, अगदी हळू चालवतानाही. त्यानं टायर बदलले, चाकांचे बेअरिंग बदलले, सांधे नवे घातले. तरी थरथर जाईना. शेजारचा चैतू हा चांगला ड्रायव्हर. तो म्हणाला, "भैया, मैं एक बार चला के देखूँ?" पण दादा आपल्या गाडीवर दुसऱ्याचा हात बसू देत नसे. मग प्रत्येक रविवारी तोच खेळ. मी वर, तो खाली. आणि खालून आवाज यायचा, "इथं आहे... नाही, इथंही आहे..." त्याला सगळेच सांधे ढिले लागायचे. नवे घातलेलेही. चिडत नसे तो, पण जेवण कमी झालं होतं. ही गाडी चालली नाही तर मी कोण, असं एकदा वहिनीला म्हणाला होता. तिनं मला ते बरंच नंतर सांगितलं.

त्या रविवारी हलवता हलवता माझा पदर घसरला. तो सावरायला मी दोन्ही हात काढून घेतले. तेवढ्यात खालून दादाचा आवाज आला, "हां, असंच! असंच हलवत राह्य, कुसुम. आता सापडून राहिलं!"

मी समोर पाहिलं. इंजिन बंद. स्टेअरिंग जागच्या जागी, माझे हात मांडीवर.

"दादा," मी म्हटलं, "मी थांबली आहे."

खाली एकदम शांतता झाली. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "कवापासून?"

"तू हलवत राह्य म्हणाला, त्याच्या आधीपासून."

तो बाहेर आला. चाकाला टेकून बसला, उजवा हात समोर धरला आणि दुसऱ्या कोणाचा असावा तसा पाहत राहिला. बोटं बारीक बारीक हलत होती. मग चिंधीनं हात पुसत म्हणाला, "गाडी चांगली आहे व. गाडीले काहीच नाही झालं." मी केबिनमधून उतरले आणि त्याच्याजवळ मुरमातच बसले. आयुष्यभर दुसऱ्याचं दुखणं बोटांनी ओळखणारा माणूस... ती बोटंच फितूर झाली होती.

दुर्गच्या डॉक्टरांनी कंपवात म्हटलं. दादानं किल्ली चैतूच्या हातात दिली. पहिल्या दिवशी चैतू परतला तेव्हा दादा फाटकात उभाच होता. "थरथरते का?" चैतू बिचारा खुशीत म्हणाला, "नहीं भैया, मक्खन असन चलत हे!" दादा हसला, त्याची पाठ थोपटली आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून निजला. पुढं हातांची थरथर वाढतच गेली. चहा बशीत सांडायचा, म्हणून वहिनी पेला अर्धाच भरायची आणि दोनदा द्यायची. तरी संध्याकाळी गाडी दूर असतानाच तो आवाजावरून सांगायचा, आज डाव्या चाकाचा ब्रेक धरून राहिला. चैतू उतरून पाहायचा, तर खरंच.

गेल्या रविवारी चैतू दारात येऊन घुटमळला. गाडीचं पुढचं अंग हादरतंय म्हणाला. "दीदी, एक हाथ लगा देबे का?" वहिनी आतून बाहेर आली आणि उंबऱ्यावर बसली. मी पदर खोचला आणि वर चढले. स्टेअरिंगवर दादा जिथं हात ठेवायचा, तिथला रंग उडून लोखंड गुळगुळीत झालंय. तिथंच हात ठेवले. चैतू खाली गेला. "हला, दीदी." मी हलवू लागले. डावीकडे, उजवीकडे... थोड्या वेळानं तो म्हणाला, "मिल गे, दीदी. बस."

मला ऐकू आलं होतं. पण हात थांबवता येईनात. थांबले की खाली पुन्हा ती शांतता होईल, असं वाटत होतं. चैतूनं दुसऱ्यांदा 'बस' म्हटलं नाही. तो तसाच गाडीखाली पडून राहिला आणि मी स्टेअरिंग हलवत राहिले.