म्हशीला सांगितलेले निरोप

आमच्या काकांइतका भिडस्त माणूस अख्ख्या जुन्नर तालुक्यात झाला नाही आणि पुढंही होणार नाही, हे मी पैजेवर सांगतो. बाईमाणसाशी बोलायचं म्हटलं की त्यांची मान आपोआप वळायची. एसटीत शेजारी बाई येऊन बसली की काका उठलेच, मग नारायणगावापर्यंत लोंबकळत जावं लागलं तरी बेहत्तर. घरातल्या सुनांशी बोलणं तर सोडाच. चहा हवा असला की ओट्यावर बसून ते मांजराला म्हणत, "च्याची येळ झाली वाटतं." चहा येई. मांजराची काही तक्रार नसे. काकू लग्नानंतर दीड वर्षात, पहिल्याच बाळंतपणात गेली; बाळही गेलं. काकांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि त्या विषयावर ते मांजराशीही कधी बोलले नाहीत.

अशा माणसाच्या गळ्यात दैवानं काय बांधावं? तर मोबाइल! पिंपरी पेंढारला आमच्या घरात तो एकच होता, टोमॅटोचे भाव विचारायला घेतलेला. माझ्या बायकोला दिवस गेले तेव्हा मी पुण्यात कारखान्यात, गेटाच्या आत फोन न्यायला बंदी. गावात नर्सबाई गरोदर बायकांचे नंबर लिहून नेत होत्या. दर आठवड्याला फोनवर बाळंतपणाची माहिती ऐकवायची, अशी योजना निघाली होती. आईनं काकांचा नंबर देऊन टाकला. पुढच्या गुरुवारी काका टोमॅटोचे क्रेट भरत होते, आणि फोनमधली गोड आवाजाची बाई म्हणाली, "ताई, आता तुमच्या पोटातलं बाळ हालचाल करू लागेल." काकांनी टोपी काढली म्हणे, आणि हात जोडून म्हणाले, "बरं, बाई."

पुढं फोन वाजला की तो आईच्या हातात कोंबून काका गोठ्यात पळू लागले. पण सातव्या महिन्यात रिवाजाप्रमाणं बायको माहेरी गेली, मंचरजवळच्या वाडीत. फोन राहिला काकांकडं. "दुसऱ्याचा निरोप आपल्यापाशी ठिवायचा न्हाई," असं म्हणून काकांनी लुना काढली. दर गुरुवारी सगळा निरोप तोंडपाठ करून ते तिच्या माहेरी हजर! आता चुलतसासरा सुनेला असलं सांगणार कसं? अंगणात म्हैस बांधलेली होती. काका ओसरीकडं पाठ करून तिच्यासमोर उभे राहत आणि खणखणीत आवाजात सुरू करत, "ऐकती का गं? रक्तवाढीच्या गोळ्या रोज घ्यायच्या, च्यासंगं न्हाई. अन् निजायचं डाव्या कुशीवर." म्हैस रवंथ करी. बायको तोंडात पदर कोंबून हसे. एकदा सासूबाईंना राहवेना. "पाव्हणं, तिला डावी कूस कुठली ती तेवढी दाखवून द्या!" काका ढिम्म. पुढचं वाक्य.

नवव्या महिन्यातल्या एका गुरुवारी मात्र निरोप वेगळा होता. "तोंडाला, हाताला सूज आली, डोकं लई दुखलं, डोळ्यापुढं अंधारी आली, तर वाट बघायची न्हाई. तडक दवाखाना."

"सूज कसली, तेज चढलंय पोरीला," ओसरीवरून सासूबाई म्हणाल्या. "डोकं तेवढं दुखतंय सकाळधरनं."

झालं! काका गर्रकन वळले. लग्न होऊन तीन वर्षं झाली होती, पण माझ्या बायकोच्या तोंडाकडं त्यांनी सरळ पाहिलं ते त्या दिवशी.

"पोरी, ऊठ," ते म्हणाले.

शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये कांदा भरलेला होता. काकांनी निम्म्या पिशव्या स्वतः ओढून खाली टाकल्या आणि तिला त्यातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तदाब भलताच वाढलाय, आणखी उशीर झाला असता तर आई-बाळ दोघांचंही अवघड होतं. मी पुण्याहून पोचलो तेव्हा मला लेक झाली होती, आणि काका दवाखान्याच्या पायरीवर टोपी हातात धरून बसले होते.

लेक दोन महिन्यांची झाली आणि फोन यायचे थांबले. तरी त्या गुरुवारी काका आलेच. मीही सासरवाडीत होतो. म्हशीसमोर उभे राहिले.

"मामंजी, आज काय म्हणाल्या बाई?" बायकोनं ओसरीवरून विचारलं.

"आज फोन न्हाई आला," काका म्हशीला म्हणाले. मग तिच्या पाठीवर हात फिरवत हळू बोलले, "हिच्या चुलतसासूचं तोंड बी असंच सुजलं व्हतं. आमी समदे म्हनलो, तेज आलंय. मला बी ती लई देखणी दिसली व्हती."

बायको अंगणात उतरली आणि तिनं लेक त्यांच्या हातात ठेवली. काकांनी म्हशीकडं पाठ केली, लेकीच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "दूध प्यालीस का गं?"

आज लेक मोठी झाली आहे. तिच्याशी बोलताना काकांची मान कधीच वळली नाही.