साहेबाला आग्रह करायचा नाही

इंग्रज गेले तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, त्यामुळे त्यांच्यावर खासगी राग धरायला मला काही कारण नव्हतं. ते कारण नव्वदीच्या शेवटी मिळालं आणि त्यात निम्मा हात माझाच होता.

मुलगी लग्न होऊन इंग्लंडला गेलेली, तिचं पहिलं बाळंतपण आलेलं. सौभाग्यवतींचं माहेर धारचं. तिथल्या रीतीप्रमाणे तिनं डबाभर डिंकाचे लाडू वळले आणि आम्ही तिच्या व्हिसासाठी दिल्लीला निघालो. मी देवासच्या एका कारखान्यात डिस्पॅचला होतो. दुरुस्तीला बाहेर जाणाऱ्या मालाला आमच्याकडे 'रिटर्नेबल' गेटपास लागतो. तो लागला की जगातला कुठलाही वॉचमन माल अडवत नाही, अशी माझी श्रद्धा. म्हणून गाडीत रात्रभर मी बायकोकडून घोकून घेतलं, "सर, आय अ‍ॅम रिटर्नेबल."

वकिलातीत एका कोवळ्या गोऱ्यानं तिला विचारलं, भारतात परत कशासाठी याल? तिनं वाक्य म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच, जरा मोठ्यानं म्हटलं. व्हिसा नाकारला. बाई परत येतील यावर विश्वास बसत नाही, म्हणे.

तिकडे बाळंतिणीला दवाखान्यात गार सँडविच दिलं. हे फोनवर ऐकून बायको दोन दिवस जेवली नाही. मी दुःखाच्या भरात लाडू संपवले. यांपैकी कोणता गुन्हा मोठा, याचा निकाल आमच्या घरात अजून लागलेला नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी आमच्या मंडळाचे अध्यक्ष धावत आले. "भिया, गोरा साहेब येतोय! दिल्लीहून, त्यांच्या वकिलातीतला, सांस्कृतिक खात्याचा. दोन देशांची मैत्री वगैरे. धार बघून येणार, आपलं चित्रप्रदर्शन उघडणार. जेवण तुमच्याकडे. अंग्रेजी तो आपकीच ना!"

मी इतक्या चटकन हो म्हणालो की त्यांना संशय यायला हवा होता.

माझा बेत साधा होता. साहेबाला आग्रह करायचा नाही. आमच्याकडे पहिला 'नको' हा नुसता शिष्टाचार असतो, दुसरा संकोच, आणि तिसऱ्याला पोटाचा अंदाज घ्यायचा. पहिल्याच 'नको'ला वाढपी पुढे सरकला तर लोक त्या घरात मुलगी देत नाहीत. याहून मोठा अपमान माळव्यात अजून निघालेला नाही.

"और हम लोग?" बेत ऐकून अध्यक्षांनी घाबरून विचारलं.

"एका पंगतीत दोन न्याय नाहीत."

साहेब आला. उंच, नम्र, घामाघूम. मांडी घालून बसला, तेव्हा गुडघे कानाशी आले. दुसऱ्या पोळीला तो "नो, थँक यू" म्हणाला आणि मी तूपसाखर घेऊन खुशाल पुढे सरकलो. वरणाला नो, मी पुढे. भाताला नो, मी पुढे. अध्यक्षांनी सवयीनं 'नको' म्हटलं, मी पुढे. त्यांचा हात पानावर तसाच आडवा राहिला आणि तोंड लहान झालं.

साहेबाचा चेहरा मात्र उजळत चालला. शेवटी तो हात जोडून काहीतरी बोलला.

"काय म्हणतात?" बायकोनं स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

मला सांगताना लाज वाटत होती. "म्हणतात, महिनाभर घरोघर जेवतोय, नको म्हटलं की कुणी ऐकत नाही. माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारं हे पहिलं घर."

ती पदर खोचून बाहेर आली. "असं? मग यांना सांगा, दिल्लीत मीपण शब्द दिला होता. परत येईन म्हणून. तुमच्या माणसानं तो मानला नाही."

ज्या क्षणासाठी मी इतके दिवस दातांना धार लावून बसलो होतो, तो समोर वाढून ठेवला होता. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मॅडम इज व्हेरी हॅपी."

'हॅपी' कळण्याइतकं इंग्रजी तिला येतं. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, आत गेली आणि डबा घेऊन आली. तोच डबा. भर मे महिन्यात डिंकाचे लाडू! हे तिनं कधी वळले, मला पत्ता नाही. दोन लाडू साहेबाच्या पानात पडले.

"नो, नो, प्लीज!"

"सर," ती म्हणाली, "युअर ऑफिस नॉट बिलीव्ह मी. आय नॉट बिलीव्ह यू." आणि तिसरा लाडू ठेवला.

साहेब कानापर्यंत लाल झाला. त्यानं लाडवाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून खाऊ लागला. मला पाठीवर थाप मारावीशी वाटली, स्वतःच्याच. तेवढ्यात डबा माझ्या पानाशी आला.

"पाहुणा जेवतोय तोवर यजमानानं हात आवरू नये."

"अगं, मला नको."

"तुमचा 'नको' तर मी मागल्या डब्यापासून मानत नाही."

"भाभी, इधर भी!" अध्यक्ष ओरडले. त्या दिवशी सुखानं जेवलेला तो एकच माणूस.

साहेबाचा एक, माझा एक, असं डब्याचा तळ दिसेपर्यंत चाललं. दिल्लीच्या दाराशी माझा माल अडवणाऱ्या सरकारचा माणूस आणि मी, शेजारी शेजारी, एकच शिक्षा भोगत होतो.

निघताना साहेब अडखळत म्हणाला, पुन्हा अर्ज करा, मी स्वतः बोलेन. मी आनंदानं तिला सांगितलं.

"आता कशाला? बाळंतपण होऊन गेलं. नात सुट्टीत इथे येणार आहे," ती म्हणाली. "तिला मी दारातच विचारणार, परत जाणार का म्हणून. आणि ती हो म्हणाली तरी माझा विश्वास बसणार नाही. सांगा त्यांना."

या वेळी मी शब्दन् शब्द सांगितला. तोंड डिंकानं चिकटलं होतं, तरी सांगितला. जीपमध्ये चढायला साहेबाला दोघांनी हात दिला. मला तो द्यायलाही उठता आलं नाही.