सुताच्या टोकाला दिवा

आमचा लिनो गवंडी. माझा धाकटा भाऊ. हात सोन्याचे, पण अक्कल कुठंतरी गहाण टाकलेली. मी जॉर्जिना, त्याची थोरली बहीण. मी नाही बोलायचं तर कोणी?

आगगाडी आली आणि नौपाड्यात नवी घरं उठायला लागली. हरिहरपंत वकिलांनी लिनोला घर बांधायला दिलं. ह्या वेड्यानं काय करावं? अंगणापासून देवघरातल्या कोनाड्यापर्यंत सूत ताणलं आणि सगळी दारं एका ओळीत धरली. ओटीचं दार उंच, माजघराचं त्याहून बुटकं, देवघराचं इतकं लहान की माणूस आपसूक वाकावा. अंगणात उभं राहिलं की नजर थेट कोनाड्यावर. आमच्या किरिस्तावांच्या इगर्जीत, प्रार्थनेच्या देवळात, शिरलं की समोर वेदी दिसते ना, तशी!

"अरे, इगर्जीत माजघर असतं का?" मी म्हटलं. "तिथं त्यांच्या बायका बसतात!"

तो नुसता हसला. वास्तुशांत झाली, लिनोला नारळ आणि धोतरजोडी मिळाली, आणि त्याच दिवशी माजघराच्या दाराला जाड पडदा लागला. वास्तुशांतीनंतर आमच्यासारख्यांना ओटीच्या पुढे पाऊल टाकायची सोय नाही. आपल्या हातच्या कोनाड्यात दिवा कसा दिसतो, ते त्याला दिसलंच नाही.

मग रोज तिन्हीसांजेला स्वारी वाट वाकडी करून पंतांच्या दारावरून घरी. वारा आला की थांबायचा. पडदा हलायचा, पण बाजूला व्हायचा नाही.

"एकदाच बघायचाय गं," म्हणायचा.

मला राग यायचा आणि कीवही यायची. बायको गेलेली, पोर ना बाळ. सगळा जीव त्या एका घरात अडकलेला.

वर्षं गेली. एकदा पंत लग्नाला कल्याणला गेल्याचं कळलं, तशी मी मागल्या दारी गेले आणि त्यांच्या बायकोला, रखमाबाईंना, सगळं सांगितलं. त्या पदराशी चाळा करत राहिल्या.

"त्या पडद्यापायी मलाही रस्ता दिसत नाही हो," शेवटी म्हणाल्या. "आणा त्यांना दिवेलागणीला."

आणलं. हाताला धरून आणलं, कारण तोवर मोतीबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते. रखमाबाईंनी पडदा बाजूला धरला. अगं बाई! दारात दार, त्यात दार, आणि आत दिवा.

"मधोमध आहे ना गं?" लिनोनं विचारलं.

"आहे रे. अगदी मधोमध."

तो हात जोडून वाकला. देवघराच्या दाराशी वाकावं लागतं तेवढाच, पण तिथं अंगणात.