पांघरुणाचं गाणं

आमच्या पडद्यांच्या कारखान्यात तिला सगळे घुमी म्हणायचे, कारण तोंड उघडायची ती फक्त दातांनी दोरा तोडायला. माझं मशीन तिच्या शेजारी. मशीन सुरू झालं की त्या घरघरीखाली ती काहीतरी गुणगुणायची आणि बंद झालं की गप्प. एकदा अचानक वीज गेली, सगळी मशीनं एकदम थांबली आणि तिचा आवाज उघडा पडला. कटर मास्तर कात्री धरून तसेच उभे राहिले.

"ही घुमी? आणि मी इतकी वर्षं हिला खुणा करून बोलावतोय."

सगळ्या हसलो. ती कानापर्यंत लाल झाली. पण तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत गाणं ऐकल्याशिवाय आम्ही तिला डबा उघडू द्यायचो नाही.

चाली जुन्या होत्या, बायकांच्या तोंडी फिरत आलेल्या. शब्द मात्र तिचे. जिन्यातल्या भांडणांवर, उसवलेल्या शिवणीवर, घर सोडून गेलेल्या बापावरसुद्धा तिने गाणी केली होती. ज्या गिटारवर ती ही गाणी बसवायची, ती तिच्या थोरल्या भावाची होती. तो इमारतींना रंग द्यायचा. परांचीची दोरी सुटली आणि तो खाली आला, तेव्हा घुमी शाळेत होती. मग घरात उरल्या मायलेकी दोघी.

आई खंबीर बाई. एका मोठ्या खानावळीत भांडी घासायची. मुलगा गेला तेव्हाही चार लोकांसमोर तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फक्त रोज दिवेलागणीला ती मुलाच्या खाटेवर अंथरूण घालायची आणि घालता घालता त्याच्याशी बोलायची. कधी चक्क रागवायची. "रंगाचे हात तसेच घेऊन आडवा होतोस, उशी बघ कशी झालीये. आणि पांघरूण घे रे, पहाटे गार पडतं." सकाळी सगळं घडी घालून ठेवायची. याबद्दल दोघी एकमेकींशी कधी अवाक्षर बोलल्या नाहीत. घुमी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत ऐकायची.

मास्तरांचा जावई ध्वनिमुद्रक होता. सासऱ्याने फारच पिच्छा पुरवला म्हणून त्याने घुमीला एका रविवारी बोलावलं. सोबतीला मी गेले. भिंतींना जुन्या गाद्या लावलेली कोंदट खोली, मधे एक स्टूल. पहिलं गाणं झालं तेव्हा जावईबापूंनी चहा मागवला. दुसरं झालं तेव्हा चहा गार होऊन गेला. मग प्रत्येक रविवारी आम्ही तिथेच. शेवटी तिने जे गाणं म्हटलं ते मीही आधी ऐकलं नव्हतं. रंगाचे हात, उशी, पांघरूण, सगळं आईच्याच शब्दांत.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आईला ऐकवलंस हे?"

"ऐकवीन," ती म्हणाली.

ऐकवलं नाही. अल्बम आला तेव्हा तिने आईला शेजारी बसवून फोनवर सगळी गाणी लावली, ते एक सोडून. बापावरचं गाणं ऐकून आई म्हणाली, "बरं झालं बोललीस एकदाची." बाकी तिला चाली आवडल्या.

अल्बम चालेल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण तो वाऱ्यासारखा पसरला. रेडिओवर, रिक्षात, न्हाव्याच्या दुकानात जिथे तिथे घुमी, आणि सगळ्यात जास्त ते पांघरुणाचं गाणं. वर्षातला सगळ्यात चांगला पहिला अल्बम म्हणून तिला बक्षीस मिळालं. मास्तरांनी तिचा पेपरातला फोटो कापून मशीनवर चिकटवला, तोही कडा अगदी सरळ रेषेत कापून.

एका संध्याकाळी आई वाण्याकडे गेली. वाण्याने तिला ओळखलं आणि कौतुकाने रेडिओ मोठा केला. "मावशी, तुमच्या लेकीचं गाणं. आमच्याकडे दिवसभर हेच." आई दुकानात उभी राहून पहिल्यांदा ते ऐकत होती. वाण्याची बायको बटाट्यांवर पोतं टाकत होती. ती त्याच चालीत बटाट्यांना म्हणाली, "पांघरूण घ्या रे, पहाटे गार पडतं." गिऱ्हाइकं हसली. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना काय माहीत. आई सामान न घेताच घरी आली.

त्या दिवशी खाटेवर अंथरूण पडलं नाही. घुमीने बराच वेळ वाट पाहिली, मग विचारलं, "आई, दादाचं अंथरूण?"

"आता ते घरोघरी घातलंय," आई म्हणाली. "इथे कशाला?"

घुमीने मला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, मशीन चालू ठेवून, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये. मग ती जावईबापूंकडे गेली आणि ते एक गाणं काढून टाका म्हणाली. त्यांनी समजून घेतलं, पण त्यांच्या हातात काही उरलं नव्हतं. "लोकांच्या तोंडी बसलेलं गाणं मी कुठून काढू, ताई?"

तिने ते गाणं कार्यक्रमात म्हणणं बंद केलं. एका मोठ्या सभागृहात लोकांनी फारच आग्रह धरला. ती नुसतीच मान हलवत राहिली. मग मागच्या कोपऱ्यातून कोणीतरी सुरुवात केली आणि बघता बघता सगळं सभागृह गाऊ लागलं. ती तारांवर हात ठेवून उभी होती. तिच्या घरातलं बोलणं शेकडो अनोळखी माणसं तिला ऐकवत होती.

घरी जाऊन तिने आईला सगळं सांगितलं. लपवून पुरेसं झालं होतं.

"कोणी रडलं?" आईने विचारलं.

"पुढच्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ होते."

"त्यांचं कोण गेलं होतं?"

"विचारलं नाही."

"विचारायचं गं," आई म्हणाली.

राग असा आईने कधी धरला नाही. लेकीचा डबा भरायची, बक्षीस पुसून ठेवायची, शेजारणींना अभिमानाने दाखवायची. पण मुलाशी ती परत कधी बोलली नाही. निदान कोणी घरात असताना नाही. पुढे खाट शेजारच्या बाळंतिणीला दिली.

दुसऱ्या अल्बमसाठी सगळे मागे लागले. घुमी मशीनवर बसायची, पण गुणगुणणं थांबलं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "घरात कानावर पडायचं त्याचीच गाणी व्हायची. आता घर गप्प असतं."

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. आई मटार सोलत होती, घुमी समोर बसली होती. जावईबापूंचा फोन येऊन गेला होता. बराच वेळ शेंगांचाच आवाज. मग घुमी म्हणाली, "आई, काहीतरी बोल ना."

आईने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत माया होती, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

"बोलले की तू ऐकतेस," ती म्हणाली, आणि थोड्या शेंगा उचलून लेकीच्या ओंजळीत टाकल्या.

घुमी सोलू लागली. मीही घेतल्या थोड्या.