डिकीत नसलेली स्टेपनी

हे मी आजवर कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही, आणि ती तर माझ्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाची कुळकथा जाणते. सांगायला बसलो की गोष्ट टायरपासून सुरू होते, आणि टायरची गोष्ट मन लावून कोण ऐकतो? म्हणून दर वेळी राहून गेलं. निदान मी स्वतःला तसं सांगत आलो.

जळगावात माझं टायरचं दुकान आहे. चोपड्याचे वसंतनाना माझे चुलतभाऊ, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, केळीचे बागायतदार. त्यांनी पुण्याच्या एका डॉक्टरांकडून जुनी विलायती गाडी घेतली आणि घरातल्या लग्नाआधी टायर बदलून टाकू म्हणून माझ्याकडे आणली. जुने टायर रनफ्लॅट होते. म्हणजे कडेच्या भिंती इतक्या कडक, की हवा पूर्ण गेली तरी गाडी बसत नाही. हळूहळू चालवत पुढचं गाव गाठता येतं. म्हणूनच अशा गाडीला कंपनी स्टेपनी देत नाही. डिकीत तिची जागाच नसते.

नानांनी विचारलं, तसेच टाकायचे की साधे?

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. रनफ्लॅट महाग, खड्ड्यात कंबर मोडणारे, आपल्याकडे सहज न मिळणारे. साधे टायर मऊ चालतात, कुठल्याही गावात पंक्चर निघतं. बरेच लोक साधेच टाकून घेतात आणि त्यात काही चूक नाही — फक्त मग एक स्टेपनी जवळ ठेवायची, नाहीतर पंक्चरचं सामान आणि हवेचा छोटा पंप तरी. हे मी रोज लोकांना सांगतो. त्या दिवशी का नाही सांगितलं?

कारण माझं मशीन. रनफ्लॅटची ती कडक भिंत रिमवर चढवायला वरून दाबून धरणारा जादा हात लागतो, आणि तो माझ्या मशीनला नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात होता. त्या दुकानाचा मालक पूर्वी माझ्याच हाताखाली शिकलेला. स्टेपनीचा विषय निघाला असता तर नाना म्हणाले असते, मग आहेत तसेच टाक. आणि मला म्हणावं लागलं असतं, नाना, हे काम माझ्याकडे होत नाही, त्याच्याकडे जा. चार गिऱ्हाइकं समोर चहा पीत बसलेली. मी म्हणालो, आपल्या खान्देशच्या रस्त्याला ते नखरे चालत नाहीत, साधेच बरे. नाना हसले. ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत आयुष्यभर वापरलेल्या प्रत्येक गाडीला जादा चाक होतं. या गाडीला नसेल हे त्यांच्या मनातही आलं नसणार. डिकीचा गालिचा मी उचलला नाही. त्यांनीही नाही.

एवढंच? — तुम्ही म्हणाल. दुकानदार माणूस, थोडा अहंकार, थोडी लपवाछपवी. एवढंच असतं तर मी ते कधीच हसत हसत सांगून मोकळा झालो असतो. टायरचं मी स्वतःला केव्हाच माफ केलंय. ते जरा लवकरच केलं, तेही कबूल.

लग्न होतं शिंदखेड्याला, आमच्या अक्काच्या मुलीचं. अक्का आणि नाना सख्खे बहीणभाऊ. मी त्यांच्या काकाचा मुलगा. अक्काला सख्खा भाऊ एकच. आणि आमच्यात नवरीला मामानं हाताला धरून बोहल्यावर आणायचं असतं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं असतं. भाची नानांच्या अंगाखांद्यावर वाढलेली. ती शाळेत जायला लागली तेव्हापासून नाना तिला म्हणत, तुझ्या लग्नात मी असा ताठ उभा राहीन की लोक नवरदेवाकडे बघणार नाहीत.

नानी हळदीसाठी पुढे गेल्या होत्या. बागेत घड कापणी चालू होती म्हणून नाना लग्नाच्या सकाळी एकटेच निघाले. वेळ भरपूर होता. अमळनेर ओलांडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं, खडी पसरलेली. टायरची कड फाटली.

मी मांडवात होतो. फोन आला.

"रवी, स्टेपनी कोठे शे रे? बठ्ठी डिकी खाली करी टाकी, दिखत नही."

आता बघा — त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. स्टेपनी नाही हे माहीत होतं. गाडी तिथेच सोडून, येईल त्या वाहनाला हात केला तर ते वेळेत पोचतील हेही माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं. नाना, स्टेपनी नाही, माझं चुकलं, गाडी सोडा आणि या. माझ्या एका बाजूला व्याही उभे होते, दुसऱ्या बाजूला अक्का. गाडीतलं सगळं कळणारा माणूस म्हणून तिनं नुकतीच माझी ओळख करून दिली होती.

मी म्हणालो, "असेल नाना, खाली नीट बघा."

फोन ठेवला.

हाच तो गुन्हा. टायर नाही. हे वाक्य.

नानांनी नीट बघितलं. रवी म्हणतो म्हणजे असणारच. गालिचा उपसला, खालची फळी काढली, तिथे बॅटरी निघाली. मग लग्नाच्या पांढऱ्या कपड्यांत तापल्या डांबरावर पडून गाडीच्या पोटाखाली शोधलं. या वेळात आमच्याच पाहुण्यांच्या दोन गाड्या तिथे थांबल्या, चला म्हणाल्या. नानांनी त्यांना पुढे पाठवलं — स्टेपनी सापडली की आलोच. मला पुन्हा फोन लावला. मी उचलला नाही. मांडवात आवाज फार आहे, असं मी स्वतःशी म्हणालो. आवाज होताच. पण फोन हातातच होता आणि त्यावर त्यांचं नाव दिसत होतं.

पाहुणे मांडवात आले आणि म्हणाले, नाना गाडी सोडायला तयार नाहीत. झालं. लग्नघरात बातमीला पाय फुटायला किती वेळ लागतो? भटजी घाई करू लागले. अक्कानं इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. चुलत का होईना, मामाच.

मी नवरीला हाताला धरून आणलं. तिच्या पाठीशी उभा राहिलो. वाईट वाटत होतं का? खरं सांगतो — तेवढा वेळ नाही. फेटा बांधला होता, फोटो निघत होते. मला छान वाटत होतं.

अक्षता पडून गेल्यावर नाना एका दुधाच्या टेम्पोतून उतरले. पाठीला डांबर लागलेलं. अक्का त्यांच्या अंगावर ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "तुले गाडी मोठी वाटनी का पोर?"

नानांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मी काहीतरी बोलेन, एवढीच अपेक्षा असावी. मी जेवणाच्या पंगतीकडे बघायला गेलो. संध्याकाळी त्यांना गाठून म्हणालो, त्या डॉक्टरानं विकताना स्टेपनी काढून घेतली असेल, शहरातले लोक असेच. नाना म्हणाले, असेल. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही त्याच्या नावावर माझं पाप टाकून मी त्या रात्री गाढ झोपलो.

अक्का तेव्हापासून चोपड्याला गेलेली नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, केस पांढरे झाले तरी येतात. अक्का दर आखाजीला येते ती आता माझ्याकडे, जळगावला. पोरीच्या पाठीशी जो उभा राहिला तोच माझा भाऊ, म्हणते. मी तिला आणायला जातो. बायको खापरावर पुरणपोळ्या करते. अक्का झोका बांधायला लावते, त्यावर बसून अहिराणी गाणी म्हणते. घर भरून जातं. हे सगळं नानांचं आहे आणि ते मला आवडतं.

यंदा आखाजीच्या दोन दिवस आधी नाना दुकानात आले. साडी आणली होती, हिरवी, बारीक काठाची. म्हणाले, अक्काला दे. माझं नाव घेऊ नको, नाहीतर ती घडी मोडणार नाही. चहा न घेता गेले.

मी ती साडी अक्काला दिली. ती लगेच नेसली, आरशासमोर उभी राहून पदर दोनदा नीट केला. म्हणाली, सख्ख्या भावालाही अशी पसंती जमली नसती.

मी म्हणालो, तुला आवडली ना, मग झालं.