चहा कुणाकडं घेतलास?

दुष्काळी कामावर आई-वडील खडी फोडत होते, त्या वर्षी मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे आजही मान ताठ ठेवून सांगतो. पण पदवी घेऊन आठ महिने घरी भाकरीला भार होतो. सोलापूरच्या एका दैनिकात मला वार्ताहर म्हणून उभं केलं ते संपादक अण्णांनी. त्यांच्याबद्दल लिहायचं तर मान खाली घालूनच लिहावं लागतं.

अण्णांची तऱ्हा न्यारी. वार्ताहर गावाहून आला की बातमी वाचायच्या आधी चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "चहा कुणाकडं घेतलास?" नवख्याला गंमत वाटायची. अण्णांना वाटत नसे. "ज्याच्या ओसरीवर बशी फुंकतोस, त्याचीच बाजू वहीत येते," म्हणायचे. "दुसऱ्याच्याही दारात बसून ये."

कचेरीतल्या टेबलांकडं बघूनही ते चिडायचे. "सगळे एकाच पंगतीतले भरलेत. मग पेपरात अर्धंच गाव येणार की!" म्हणून त्यांनी विणकराच्या घरातला, घरी तेलुगू बोलणारा उपसंपादक आणला, कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातला मी आणला. "अजून बौद्ध वस्तीतला एकही माणूस इथं नाही, ही माझी खोट," हे मालकांसमोरही बोलत.

मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावात बौद्ध वस्तीवर बहिष्कार पडल्याची खबर आली. दुकान बंद, आड बंद. अण्णांनी मला धाडलं. गावात पाटलांनी ओसरीवर गादी टाकली, मला 'साहेब' म्हणाले. आमच्या घरात तोवर कुणाला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. वस्तीकडं जातो म्हटल्यावर ते हसले. "तितं काय हाय साहेब? तुमी आपल्यातलेच की." मी गेलो नाही. एस.टी. चुकेल हे निमित्त. खरं तर तिथं कुणी पाणी पुढं केलं तर काय करायचं, याचीच धास्ती. शिकलो होतो, पण तेवढा शिकलो नव्हतो.

"चहा कुणाकडं?"

"दोन्हीकडं, अण्णा."

त्यांनी विश्वास ठेवला. 'बहिष्कार ही अफवाच' असं छापून आलं.

तिसऱ्या दिवशी वस्तीतले म्हातारे कोंडिबा अंक घेऊन कचेरीत आले. "आमच्याकडं कोण आलतं, त्ये तोंड तरी दावा. पावना येऊन गेला आन् आमालाच म्हाईत न्हाय व्हय?" अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मी दौतीचं झाकण बसवत राहिलो. अण्णा उठले, कोंडिबांना शेजारी खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाबा, चूक संपादकाची आहे."

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर त्यांच्या सहीची दिलगिरी आली. पाटील मालकांचे पाहुणे. मालक कडाडले, "ही दिलगिरीची पाळी ज्यानं आणली त्याला काढा, नाहीतर तुम्ही जा." मी दाराबाहेर उभा. आतून अण्णांचा आवाज आला, "त्याच्या घरात पगार घेऊन जाणारा तो पहिलाच आहे. मी जातो." आत जायला चार पावलं होती. मी टाकली नाहीत.

अण्णा वेळापूरला भावाकडं राहायला गेले. महिन्यानं मी पाय धरायला गेलो, तर त्यांनी पाय मागं घेतले. "माझ्याकडं काय काम तुझं? ज्यांची बातमी मारलीस, त्यांच्याकडं जा."

गेलो. कोंडिबांना म्हटलं, "त्या दिवशी मी आलोच नव्हतो."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "आता आलायसा की. बसा, लिवा."

सुनेनं तांब्या पुढं केला. दोन मैलांवरनं डोक्यावर आणलेलं पाणी. प्यालो, आणि दिवस मावळेपर्यंत ते सांगत गेले, मी लिहीत गेलो.

माझ्या खोट्याची कबुली पहिल्याच ओळीत घालून ती बातमी नव्या संपादकांपुढं ठेवली. तोवर मुंबईचे पत्रकार गावात पोचले होते, म्हणून मालकांना ती अडवता आली नाही. पंधरवड्यात तहसीलदारांनी दुकान आणि आड वस्तीला खुले करून दिले. अण्णांची खुर्ची त्यांना परत मिळाली नाही. नऊ वर्षांनी ती मला मिळाली.